पाठमोरी

टेकडी तशी फार मोठी नव्हती. वस्ती संपली की विटांच्या कुंपणापलीकडून पायवाट सुरू व्हायची, दोन-चार वळणं घेत वर चढायची आणि पाण्याच्या टाकीपाशी संपायची. टाकीजवळ सिमेंटचा एक बाक होता आणि बाकापुढे लोखंडी कठडा. कठड्याच्या खाली, हाकेच्या अंतरावर, गवताचा एक सपाट टप्पा होता आणि टप्प्याच्या टोकाला एकच वाकडं झाड. त्याच्या पलीकडे जमीन एकदम खाली उतरायची, आणि मग नुसता पसारा. शेतांचे चौकोन, नदीचं वळण, लांबवर धूर सोडणारी एक चिमणी. मास्तरला ही जागा इतकी आवडायची की दर रविवारी ऊन तिरपं व्हायच्या आत त्याला तिथे पोचायचंच असायचं.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून शेजारपाजारच काय, घरातही त्याला सगळे मास्तरच म्हणत. ती स्वतः मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. जाड भिंतींच्या त्या खोलीत तिचा शब्द शेवटचा असायचा. भलेभले पैलवान तिने सांगितलं की श्वास रोखून धरायचे. घरी आल्यावर मात्र कॅमेरा त्याच्या गळ्यात आणि ट्रायपॉड तिच्या खांद्यावर, अशी वाटणी होती. ती कुणी केली आणि कधी केली, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

आणि वर पोचलं की ती फोटोतलं माणूस व्हायची. "फ्रेममध्ये माणूस नसलं तर डोंगर केवढा ते कळत नाही," असं तो म्हणायचा. म्हणून ती पिवळी शाल अंगावर घेऊन खालच्या टप्प्यावर उतरायची आणि झाडाजवळ पाठ करून उभी राहायची. वरून आवाज यायचा, "थोडी डावीकडे. अजून. बस्स. वळू नकोस." घराच्या भिंतींवर असे कितीतरी फोटो होते. सकाळचे, संध्याकाळचे, धुक्यातले. प्रत्येकात ती होती, नखाएवढी, पाठमोरी. तिचा चेहरा असलेला अलीकडचा एकच फोटो होता, दवाखान्याच्या ओळखपत्रावरचा, आणि तो दवाखान्यासमोरच्या झेरॉक्सवाल्याने काढला होता.

त्या रविवारी तिने शाल घेतली नाही. सकाळीच ती साबणाच्या पाण्यात भिजत घातली होती. अंगात करडं जाकीट होतं आणि डोक्यात आदल्या संध्याकाळपासून जाळ.

तिच्या विभागाच्या आधीच्या प्रमुख डॉक्टरबाई दुसऱ्या शहरात एका नव्या इस्पितळात गेल्या होत्या. तिथला एक्स-रे विभाग उभा करायला त्यांना हीच हवी होती. तसं त्यांनी मागेच बोलून ठेवलं होतं, आणि ती त्यांच्या फोनची वाट बघत होती. शनिवारी संध्याकाळी फोन नाही, निरोप आला. 'मिस्टरांशी बोलणं झालं. तुम्हाला जमणार नाही हे ऐकून वाईट वाटलं. पण घरचं कारण समजू शकते.'

तिने निरोप वाचला, आणि रात्रभर मास्तरशी एक शब्द बोलली नाही. पायवाटेच्या पहिल्या वळणावर मात्र तिला राहवलं नाही.

"डॉक्टरबाईंचा फोन तू घेतलास?"

"हो, अगं, तू आंघोळीला गेली होतीस." तो पुढे चालत होता, मागे न बघता. "सांगायचं राहूनच गेलं."

"काय सांगितलंस त्यांना?"

"जे खरं आहे ते. तुला नाही जमणार म्हणून. गुडघा एवढा दुखतो तुझा, नवं गाव, नवी माणसं. तुझ्या भल्याचंच बोललो ना."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू तरी काय म्हणाली असतीस?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती वाटेतच थांबली. "तू आता स्वतः फोन करायचास. सांगायचं, माझी चूक झाली, मी तिला न विचारता बोललो. मी करणार नाही. तू करायचास."

"बघू," तो म्हणाला. ढग चांगले जमलेत, या स्वरात.

वर पोचल्यावर तिने ट्रायपॉड आपटल्यासारखा खाली ठेवला आणि त्याच्या मागच्या बाकावर जाऊन बसली. तो कॅमेरा चढवत म्हणाला, "जा ना, उन्हं चाललीयेत."

"मी जाणार नाही. आज नाही आणि परत कधीच नाही."

तो कॅमेऱ्याला डोळा लावून उभा राहिला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. आधी त्याच्या खांद्यांत रुसवा होता, तो तिला ओळखू यायचा. मग खांदे सैल पडले.

"गेलीस ना शेवटी," तो पुटपुटला, आणि आवाज चढवून म्हणाला, "थोडी डावीकडे. अजून. बस्स."

तो टोमणा मारतोय असं तिला वाटलं. हा माणूस भांडणाचीसुद्धा अशी गंमत करतो, या विचाराने ती आणखीच पेटली. ट्रायपॉड तिथेच सोडून ती एकटीच टेकडी उतरून घरी आली.

संध्याकाळी तिच्या नणंदेचा फोन आला. मास्तरने फोटो घरच्यांना पाठवला होता. "वहिनी, काय सुरेख आलाय हो. किती शांत उभ्या आहात तुम्ही."

तिने जाऊन त्याच्या कॉम्प्युटरवर फोटो पाहिला. गवताचा टप्पा, वाकडं झाड, खाली नदी, आणि झाडाशी एक बाई, पाठमोरी, पिवळ्या शालीत.

"हा जुना आहे," ती म्हणाली.

"आजचाच आहे. ढग बघ ना."

ढग आजचेच होते. नदीवर नव्याने बांधलेला बंधाराही दिसत होता. ती वाकून जवळून बघू लागली. हाडं बघण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. माणूस कसं उभं आहे यावरून त्याचं काय दुखतंय हे तिला खोलीत येतानाच कळायचं. फोटोतल्या बाईने सगळा भार डाव्या पायावर टाकला होता. उजवा गुडघा किंचित मोकळा सोडला होता, ती स्वतः सोडायची तसाच.

"मी बाकावर होते. मी गेले नव्हते खाली."

"बरं, नव्हती गेलीस," तो हसून म्हणाला. लहान मुलाला म्हणावं तसं.

ती मोरीत गेली. शाल बादलीत होती, थंडगार, साबणाने बुळबुळीत झालेली. तिने ती पिळली, तारेवर टाकली, आणि तारेखाली पाणी निथळत असताना बराच वेळ उभी राहिली. भीती तिला नंतर वाटायची होती. त्या वेळी तिला फक्त हेच दिसत होतं की ती 'नाही' म्हणाली, आणि ते 'नाही' कुणाला ऐकूच गेलं नाही.

पुढच्या रविवारी ती मुद्दाम त्याच्याबरोबर गेली. आठवडाभर तो फोनचं टाळत होता, आणि तीही हट्टाला पेटली होती. वर त्याने कॅमेरा लावला तेव्हा ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा माझा हात आहे. कळतंय ना? आता बघ कॅमेऱ्यातून."

त्याने डोळा लावला. हाताखालचा त्याचा खांदा दगडासारखा झाला.

कठड्यावरून तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. टप्पा मोकळा होता. गवत वाऱ्याने एका बाजूला झुकत होतं. झाडापाशी कुणी नव्हतं.

"सरक," ती म्हणाली आणि तिने स्वतः डोळा लावला.

झाडाशी बाई उभी होती. पिवळी शाल, मानेवर सैलसा अंबाडा. वाऱ्याने गवत हलत होतं, पण शालीचं टोक हलत नव्हतं. तिने डोळा काढला. कुणी नाही. पुन्हा लावला. बाई तिथेच.

मास्तर घाबरला होता, हे तिने पाहिलं. त्याच्या ओठांचा रंग गेला होता. पण त्याने तिला हळूच बाजूला केलं, पुन्हा डोळा लावला, आणि जिभेला वर्षानुवर्षं पडलेलं वळण म्हणून की काय, म्हणाला, "थोडी उजवीकडे."

मग तो श्वास सोडून म्हणाला, "ऐकते."

"कोण ऐकते?"

"अजून थोडी. हां. छान. वळू नकोस हं."

तिच्या अंगावर काटा आला असता, पण त्याच्या आवाजाने तो आलाच नाही. इतक्या मऊ आवाजात तो तिच्याशी कधी बोलला होता ते तिला आठवेना. ज्या आवाजाची तिने अर्धं आयुष्य वाट पाहिली, तो आवाज मास्तर आज त्या रिकाम्या गवताला देत होता.

ती तरातरा खाली उतरली. गुडघा ठणकत होता, तरी थांबली नाही. टप्प्यावर येऊन झाडापाशी उभी राहिली. गवत होतं, दोन-चार खडे होते. झाडाचं खोड तिने हाताने चाचपलं. तिच्या अगदी डाव्या बाजूला, वीतभर अंतरावर, वारा लागत नव्हता. हात पुढे केला की बोटांना वारा लागायचा. डावीकडे नेला की थांबायचा. कुणाच्या तरी आडोशाला उभं राहावं तसा.

वरून मास्तरचा आवाज आला. "बाजूला हो. तू मध्ये येतेयस."

ती वर बघत राहिली. तो हाताने तिला झटकत होता, फोटोत आलेल्या परक्या माणसाला झटकावं तसं.

त्यानंतर तो शाळा सुटली की रोज टेकडीवर जाऊ लागला. ट्रायपॉड स्वतःच उचलायचा. तिला चल म्हणत नसे. घरी आला की जेवायचा आणि फोटो बघत बसायचा. ती काही बोलली तर "हं" म्हणायचा. एकदा तिने कॉम्प्युटरची वायर उपटली. तो रागावला नाही. वायर परत लावली आणि म्हणाला, "तुझा ना, त्रागा फार असतो. माणसाने जरा शांत असावं."

शेवटी तिनेच हट्ट सोडला. दुपारच्या सुट्टीत दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून डॉक्टरबाईंना फोन लावला.

"बाई, मिस्टर तुम्हाला बोलले ते मला न विचारता बोलले होते. मला यायचंय."

डॉक्टरबाई गोंधळल्या. "अहो मॅडम, पण परवा तुम्हीच फोन केलात ना?"

"मी?"

"दुपारी. तुमच्याच नंबरवरून. म्हणालात, घरी बोलणं झालं, ते म्हणतात तेच बरोबर आहे. मी म्हटलंसुद्धा, तुमचा आवाज किती निवळलाय. नाहीतर तुमच्या आवाजाने आमचे वॉर्डबॉय जिना सोडून पळायचे."

परवा दुपारी तिचा फोन कपाटात बंद होता. एक्स-रे चालू असताना ती तो नेहमीच तिथे ठेवायची आणि किल्ली कमरेला अडकवायची. तिने फोनमध्ये पाहिलं. परवा दुपारी कुणालाही फोन गेल्याची नोंद नव्हती.

"बाई, नीट ऐका," ती म्हणाली. "हा माझा आवाज आहे. मी येणार आहे. हो म्हणतेय."

"बरं, हो तर हो," डॉक्टरबाई जरा बिचकून हसल्या. "म्हणजे परत 'नाही' असा फोन येणार नाही ना?"

"नाही येणार."

तिने ड्यूटी दुसऱ्या मुलीवर सोपवली आणि तशीच, पांढऱ्या कोटात, टेकडीकडे निघाली. ऊन अजून कडकच होतं. वाटेत एक ओळखीची बाई "काय मॅडम, आज इकडे?" म्हणाली, तिला तिने उत्तरही दिलं नाही. तिच्या आवाजात कुणीतरी बोललं होतं. फोटोत तिचा चेहरा तर आधीपासूनच नव्हता, पाठ घेतली होती, उभं राहणं घेतलं होतं, आता आवाजही घेतला होता. आणि तो घेऊन काय म्हटलं, तर 'ते म्हणतात तेच बरोबर आहे'. या एका वाक्यासाठी तिला कुणाचं तरी नरडं धरायचं होतं. कुणाचं ते मात्र तिला नक्की ठरवता येत नव्हतं.

टाकीपाशी पोचली तेव्हा तिला आधी थर्मास दिसला. बाकावर थर्मास होता आणि दोन कप होते, दोन्ही चहाने भरलेले. एकातून वाफ येत होती. दुसऱ्यातला निवून त्यावर साय धरली होती.

मास्तर कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होता. शाळा बुडवून आला असणार.

"दमलीस का?" तो खाली बघून विचारत होता. "गुडघा दुखत असेल तर तसं सांग. आपण थांबू."

ती त्याच्या मागे उभी राहून ऐकत होती. गुडघा. तिच्या गुडघ्याची त्याने कधी अशी चौकशी केली नव्हती. 'नाही' सांगायला तेवढा तो गुडघा त्याच्या उपयोगी पडला होता.

तिने त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

बाई होती. झाडापासून थोडी अलीकडे आली होती. आता नखाएवढी नव्हती.

"वळ," ती म्हणाली.

"तसं नको बोलूस तिच्याशी," मास्तर म्हणाला.

"इकडे तोंड कर. मला बघायचंय."

"नको. वळू नकोस. तू तशीच थांब."

बाईचे खांदे हलले. थोडे इकडे, थोडे तिकडे. दोघांचे शब्द तिला दोन्ही बाजूंनी ओढत असावेत.

"वळ म्हणते ना."

मान फिरू लागली. कानाची पाळी दिसली. गालाची कड दिसली.

मास्तरच्या घशातून कसलासा आवाज निघाला आणि तो पळत सुटला. कठड्याखालून वाकून, वाट सोडून, गवतातून घसरत तो टप्प्यावर उतरला. "थांब, मी येतो," म्हणत होता. "मी आलोच."

तो कॅमेऱ्याच्या चौकटीत शिरला.

बाईची मान पुन्हा सरळ झाली.

तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. नदीकडे तोंड करून, पाठमोरा. त्याने हात बाजूला केला, आणि पिवळ्या शालीतून एक हात येऊन त्याच्या हातात गेला.

तिने डोळा काढला. टप्प्यावर तिचा नवरा एकटा उभा होता, हात हवेत धरून.

तिने पुन्हा डोळा लावला. दोघं होती.

तिने त्याला हाक मारली. तो वळला नाही. पुन्हा मारली, पूर्ण आवाजात, आणि तो आवाज खाली दरीत जाऊन विरला. दोन्ही पाठी ढिम्म होत्या. किती बरं वाटत असेल त्याला, असं तिच्या मनात आलं, आणि आत जे काही इतकी वर्षं साठलं होतं ते सगळं एकदम तोंडाशी आलं.

"मग राहा तिथेच," ती कॅमेऱ्यात म्हणाली. "दोघंही राहा."

तिचा आवाज मोठा नव्हता. खाली ऐकू जाण्यासारखा तर नव्हताच.

वारा पडला. गवत उभं राहिलं.

"निघायचं?"

आवाज तिच्या उजव्या कानाशी आला. मास्तर तिच्या शेजारी उभा होता. त्याला धाप लागली नव्हती. गवतातून घसरत गेलेल्या त्याच्या पँटला एक कुसळही चिकटलेलं नव्हतं.

तिचा डोळा अजून कॅमेऱ्यालाच होता. कॅमेऱ्यात झाडाशी दोघं उभी होती, एकमेकांचा हात धरून. तिने डोकं वर केलं. टप्पा मोकळा होता.

"निघायचं का?" त्याने पुन्हा विचारलं. "तू म्हणशील तसं."

त्याने ट्रायपॉड मिटला आणि खांद्यावर घेतला. थर्मासही घेतला. उतरताना तो तिच्या मागे चालला, तिचा गुडघा थबकला की थबकत. घरी येईपर्यंत ती एकदाही मागे वळली नाही.

नव्या गावी गेल्यावर तिचं बस्तान छान बसलं. विभाग मोठा होता, यंत्रं नवी होती, हाताखाली चार माणसं होती. डॉक्टरबाई खूश होत्या. मास्तरने नोकरी सोडली. तिने सोड म्हटलं होतं. स्वयंपाक तो करायचा, कपडे तो धुवायचा, भाजी काय आणू ते विचारायचा आणि सांगितली नाही तर आणायचा नाही. फोटो काढणं त्याने बंद केलं होतं. कॅमेरा कुठे आहे, हे तिने कधी विचारलं नाही.

नणंद राहायला आली होती, ती जाताना म्हणाली, "वहिनी, दादा किती बदलला हो. नशीब काढलंत तुम्ही."

ती "हो" म्हणाली. पण तिचा राग काही गेला नव्हता. उलट त्याला आता जायला जागाच नव्हती. ती ओरडली की तो मान हलवायचा. तिने एकदा मुद्दाम त्याच्या देखत भाजीची कढई मोरीत पालथी केली. त्याने ती घासून जागेवर ठेवली आणि विचारलं, "आता काय करू?" त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली, आणि तो शेजारी डोळे उघडे ठेवून पडून राहिला. 'झोप' असं तिने म्हटलं नव्हतं.

एका सकाळी तिला फार घाई होती. एक मोठा अपघात झाला होता आणि इस्पितळातून फोनवर फोन येत होते. ती दारात चपला चढवत असताना तो आतून आला आणि काहीतरी विचारू लागला. "थांब जरा," ती न बघता म्हणाली, पर्स उचलली आणि जिना उतरली.

संध्याकाळी ती दमून परत आली. कुलूप नव्हतं, दार सताड उघडं होतं. तो उंबऱ्याच्या आत उभा होता, सकाळी होता तिथेच, एक पाय किंचित पुढे, तोंड अर्धवट उघडं. सकाळच्या दुधाची पिशवी हातात तशीच होती. दूध नासून तिच्या कोपऱ्यातून गळलं होतं आणि त्याच्या पायापाशी वाळलं होतं. त्यावर मुंग्या लागल्या होत्या. काही त्याच्या पायावरून वर चढत होत्या.

ती दारात थांबली. एक शब्द पुरला असता.

तिने चपला काढल्या, त्याच्या बाजूने अंग चोरून आत गेली आणि स्वतःपुरता चहा टाकला.